दरवाजा कोणी उघडला

हिंजवडी,
९ सप्टेंबर २०२४

ती. रामदासकाका यांना मुक्ताईचा साष्टांग नमस्कार.

रविवारी तुमच्याकडे लॅपटॉप ठेवून आले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला गोट्या खेळायला लावतेस?" मी हसण्यावारी नेलं. पण आज नीट सांगते, कारण मला तुमची खरंच गरज आहे.

आमच्या कंपनीत खेळाची चाचणी घेणारी सगळी मुलं पंचविशीची आहेत. त्यांना संघटना माहीत नाही, गेटवरची सभा माहीत नाही, चारचौघांत मान खाली घालून बसणं माहीत नाही. तुम्हाला ते माहीत आहे. तुमची सभा मी बाबांच्या खांद्यावर बसून ऐकली आहे, असं आई सांगायची.

खेळ असा आहे. करंजवेस नावाच्या तटबंदीच्या गावात तुम्ही राहता. वेशीच्या दरवाजाची किल्ली तुमच्याकडे. बाहेर लुटारूंचा वेढा. ते निरोप धाडतात: दरवाजा उघडा, कोठारात लपवलेल्या पोरांना हात लावणार नाही, नाही उघडलात तर कोठार पेटवू. उघडलात तर पोरं वाचतात, पण तटावरचे शिपाई मारले जातात. दुसऱ्या दिवशी चावडीवर गाव जमतं आणि विचारतं, दरवाजा कोणी उघडला? संशय शिवा नावाच्या पहारेकऱ्यावर जातो, कारण त्याला वेशीजवळ पाहिलेलं असतं. तो बिचारा आजारी लेकीसाठी वैद्याकडे निघालेला असतो. तुम्ही तिथे उभे असता. खरं सांगायचं, गप्प राहायचं, की शिवाकडे बोट दाखवायचं, हे तुमच्या हातात.

शिवा कोण, ते तुम्ही ओळखलंच असेल. कारखान्यातल्या संपाच्या वेळी बाबा मॅनेजरच्या बंगल्यावरून येताना दिसले. माझ्या तापासाठी इस्पितळाची चिठ्ठी मागायला गेले होते. दुसऱ्या दिवशी गेटवर धरपकड झाली आणि बाबा 'फितूर बद्री' झाले. आम्हाला पुणं सोडून वाशीमला परत जावं लागलं. तेव्हा आमच्या दारात येणारे तुम्ही एकटेच होतात. मला इथल्या कॉलेजात प्रवेश मिळवून देणारेही तुम्हीच.

माझं भांडण आमच्या पियुषशी आहे. तो आमचा प्रमुख. त्याला पडद्याच्या कोपऱ्यात एक पट्टी हवी आहे. चांगलं वागलात की भरते, वाईट वागलात की उतरते, देवळाला दान दिलं की पुन्हा भरते. मी म्हणते, पट्टी नको. ज्याचं वाईट केलं त्याने ते लक्षात ठेवावं, त्याने शेजाऱ्याला सांगावं, शेजाऱ्याने तिखटमीठ लावून पुढे न्यावं. जग असं चालतं.

खेळून झालं की काय केलंत आणि काय वाटलं ते पत्रातच लिहा. तुम्हाला फोनवर टाइप करायचा कंटाळा आहे, आणि हडपसरहून हिंजवडीला माणूस पोचायच्या आत स्पीडपोस्ट पोचतं.

आणखी एक. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे आहेत. जानेवारीत जुन्या कामगारांचा मेळावा असतो. तुम्ही अध्यक्ष. एकोणतीस वर्षांत बाबांना एकदाही बोलावणं आलेलं नाही. तरी जानेवारी लागला की ते रोज दाढी करतात. तुम्ही एक शब्द टाकलात तर?

तुमची,
मुक्ताई


हडपसर,
२१ सप्टेंबर २०२४

चि. मुक्ताईस अनेक आशीर्वाद.

तुझा खेळ खेळलो. पहिले दोन दिवस माझा माणूस भिंतीलाच धडका देत होता. तिसऱ्या दिवशी चालायला लागला.

मी दरवाजा उघडला. पोरं जळताना बघायला मी काही दगड नाही. आणि चावडीवर गावाने विचारल्याबरोबर सांगून टाकलं, दरवाजा मी उघडला. लोक थुंकले, कुणी पाणी देईना. बरोबर केलंस! हे असंच ठेव. सत्याला हार मिळत नाही, धोंडे मिळतात, हे तुझ्या पंचविशीच्या पोरांना कळू दे.

त्या पियुषला माझ्याकडून सांग: नाव म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी नव्हे, उतरली की टँकर मागवून भरायला. माणसाच्या हातून जे होतं ते होतं. देवळात घंटा बांधून ते न झालेलं होत नाही. या देशाची अर्धी कुजकट अवस्था त्या पट्टीमुळेच झाली आहे. दिवसभर माणसं नाडायची, संध्याकाळी दगडूशेठला रांग लावायची आणि स्वच्छ होऊन घरी यायचं! तू तेच पोरांना शिकवणार असशील, तर लॅपटॉप घेऊन जा.

आणि ती जुन्या जागी मागे जायची सोय काढून टाक. चुकलं की मागे, पुन्हा चुकलं की पुन्हा मागे. आयुष्यात अशी सोय कुणाला मिळाली आहे? एकदा बोललास ते बोललास. एकदा गप्प बसलास ते बसलास.

बद्रीचं बघतो. घाई करू नकोस. लोक अजून दुखावलेले आहेत. धरपकडीत गेनबा होता. त्याची नोकरी गेली आणि सहा महिन्यांत त्याने विहीर जवळ केली. त्याची बायको सोजरबाई दर मेळाव्याला पहिल्या रांगेत असते. तिच्यासमोर बद्रीला बसवायचं म्हणजे विचार करावा लागेल.

प्रकृतीला जप. त्या बसमध्ये दोन-दोन तास बसून पाठ धरते.

तुझा,
रामदासकाका


हिंजवडी,
२७ सप्टेंबर २०२४

ती. काकांना नमस्कार.

तुमचं पत्र ऑफिसात वाचून दाखवलं. टाकी आणि टँकर ऐकून पोरं टाळ्या वाजवत होती. पियुष मात्र म्हणाला, "काका भारी आहेत, पण आपले कस्टमर नाहीत." पट्टीचं भांडण अजून चालू आहे.

एक गोष्ट मी तुम्हाला आधीच सांगायला हवी होती. चूक माझी आहे. हा खेळ स्वतःची नोंद ठेवतो. कोण कुठे गेलं, कुठे थांबलं, कोणतं उत्तर निवडलं, सगळं आमच्याकडे येतं. माणूस काय केलं म्हणून सांगतो आणि खरं काय करतो, त्यातला फरक बघणं हीच आमची कामाची पद्धत. म्हणून आम्ही आधी पत्र वाचतो आणि मग नोंद उघडतो.

तुमच्या नोंदीत असं दिसतं की चावडीवर तुम्ही एकेचाळीस मिनिटं काहीच दाबलं नाहीत. मला वाटलं लॅपटॉप अडकला. मग तुम्ही 'गप्प राहा' निवडलंत. मग मागे गेलात आणि पुन्हा चावडीवर आलात. असं एकोणीस वेळा. एकोणीसही वेळा गप्प राहिलात. शिवाला गावाबाहेर काढताना प्रत्येक वेळी शेवटपर्यंत बघत होतात. नंतर दोनदा त्याच्या झोपडीत जाऊन धान्य ठेवून आलात. ते खेळात कुणी सांगितलेलं नाही.

काका, यात लाजण्यासारखं काही नाही. दहातले आठ जण गप्पच राहतात. पण मला कळून घ्यायचं आहे, कारण मला हा प्रसंग नीट लिहिता येत नाहीये. तुम्ही आयुष्यभर माईकसमोर उभे राहिलात. तुम्हाला बोलावंसं का वाटलं नाही?

बाबा तुमची आठवण काढतात. "रामदासभाऊसारखा माणूस नाही," रोज एकदा तरी.

तुमची,
मुक्ताई


हडपसर,
८ ऑक्टोबर २०२४

मुक्ताई,

म्हणजे खेळायला बोलवायचं आणि भिंतीला कान लावून बसायचं! आमच्या काळी हे काम मालकाची माणसं करायची. आता शिकलेल्या पोरी करतात, त्यालाही पगार मिळतो.

होय, गप्प राहिलो. त्याचं कारण माझ्यात नाही, तुझ्या लिहिण्यात आहे. ऐक. तू चावडी रंगवलीस, पण चावडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या मागे काय उभं असतं ते रंगवलं नाहीस. पुढारी म्हणजे एकटा जीव नसतो. तो उद्या पडला तर ज्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला ते सगळे पडतात. तुझ्या खेळात खरं सांगणं म्हणजे एका माणसाने चार धोंडे खाणं. अगं, तेवढं सोपं असतं तर कुणीही खाल्ले असते!

तुला खरा पेच लिहायचा असेल तर तो दरवाजाचा लिहू नकोस. असा लिही: बावन्न दिवस चुली थंड आहेत. समोरचा म्हणतो, कागदावर अकरा नावं लिहून द्या, मी त्यांना फक्त समज देतो, आणि उरलेल्या तीनशेंना सोमवारी कामावर घेतो. तीनशे घरं एका पारड्यात, अकरा दुसऱ्यात, आणि त्या अकरांचंही काही बिघडणार नाही असा शब्द मिळालेला. लिहून देणारा नीच असतो का? की तोच एकटा हिशेबाने वागलेला असतो? मग समोरच्याने शब्द मोडला तर पाप कुणाचं? हे लिही. हे लिहायला छाती लागते. फितूर, पहारेकरी, आजारी लेक, हा सगळा तमाशातला रडका भाग झाला.

लॅपटॉप घेऊन जा.

रामदास


हिंजवडी,
१४ ऑक्टोबर २०२४

ती. काका,

माझ्या खेळात कागद नाही. नावं नाहीत. तीनशे घरं नाहीत.

बाबांनी मॅनेजरला सांगून ती अकरा माणसं पकडून दिली, एवढंच आम्ही आजवर ऐकत आलो. नावं कागदावर लिहून दिली होती, समज देण्याचा शब्द मिळाला होता, हे बाबांना माहीत नाही. मला माहीत नव्हतं. हे ज्याने कागद लिहिला त्यालाच माहीत असणार.

कोणता सोमवार, काका?

मुक्ताई


हडपसर,
२९ नोव्हेंबर २०२४

चि. मुक्ताई,

तुझं पत्र येऊन सहा आठवडे झाले. चार उत्तरं लिहून फाडली. त्या चारही उत्तरांत मी थोर होतो.

सोमवार, १६ ऑक्टोबर १९९५.

शनिवारी दुपारी मॅनेजरने मला बंगल्यावर बोलावलं. मी मागच्या दाराने गेलो. आतल्या खोलीत बसून नावं लिहीत होतो, तेव्हा पुढच्या व्हरांड्यातून आवाज आला, "साहेब, पोरगी तापलीय, चिठ्ठी द्या." बद्रीचा आवाज. मॅनेजर बाहेर गेला, चिठ्ठी देऊन आत आला. मी लिहिणं थांबवलं नव्हतं. मी मागच्या दाराने बाहेर पडलो. बद्री पुढच्या दाराने बाहेर पडला, म्हणून तो दिसला.

रविवारी सकाळी गेटवर अकरांना धरलं. सोमवारी तीनशे कामावर गेले. शब्द तेवढाच पाळला गेला. अकरांना काढून टाकलं. गेनबाचं नाव यादीत सातवं होतं. ते मी का लिहिलं, विचारशील. तो माझ्यापेक्षा चांगलं बोलायला लागला होता. हे मी आजवर स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी सभा झाली. मी पिंपावर उभा होतो. मागून कुणीतरी ओरडलं, "बद्रीला बंगल्यावरून येताना पाहिलाय!" तीनशे माणसांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी मी एकजुटीवर बोललो. लोक आजही म्हणतात, तसं भाषण पुन्हा झालं नाही. बद्रीचं नाव मी घेतलं नाही. नाव घेतलं नाही, याचंच पुण्य मी एकोणतीस वर्षं खात आलो.

तुझ्या चावडीवर बसलो होतो ती एकेचाळीस मिनिटं मी खेळत नव्हतो. एकोणीस वेळा वाटलं, या वेळी बटण दाबीन. खोट्या गावात, खोट्या माणसांसमोर, कुणी बघत नसताना. तेही झालं नाही.

आता काय करू ते सांग.

रामदास


हिंजवडी,
५ डिसेंबर २०२४

रामदासकाका,

तुम्ही मला विचारता, काय करू. चौथीपासूनची माझी पुस्तकं तुम्ही आणलीत. त्यांचं काय करू, हे मी कुणाला विचारू?

१२ जानेवारीच्या मेळाव्याला बाबांना बोलवा. छापील पत्रिका, त्यांच्या नावाने. आणि तिथे सांगा. जिथे बाबांचं नाव गेलं तिथेच: उभं राहून, माईकवर, सोजरबाईंच्या समोर. मी बाबांना काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. ते तुमच्या तोंडून ऐकतील. ते सहासष्ट वर्षांचे आहेत. खाली भाजी आणायला जातात तेही टोपी डोळ्यांवर ओढून. इथे हिंजवडीत त्यांना ओळखणारं कुणी नाही, तरीही.

खेळात तुम्हाला एकोणीस संधी मिळाल्या. इथे एकच आहे.

मुक्ताई


हडपसर,
१४ जानेवारी २०२५

चि. मुक्ताईस आशीर्वाद.

परवा तू मागच्या रांगेत होतीस. नंतर भेटली नाहीस, म्हणून लिहितो.

मी बोललो. एक शब्द लपवला नाही. "अकरा नावं मी लिहून दिली. बद्रीनाथ निर्दोष आहे. फितूर मी आहे." अडीचशे माणसांसमोर, माईकवर, जसं तू सांगितलंस तसं.

पुढे काय झालं ते तू पाहिलंस. कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, "याला म्हणतात पुढारी!" आणि टाळ्या. थांबेचनात. सोजरबाई उठली आणि म्हणाली, "भाऊ, दुसऱ्याचं पाप सोताच्या डोईवर घ्यायला लई मोठं मन लागतं. तुमी सांगताय तर आमी बद्रीला माफ केलं." मी पुन्हा माईक धरला. ओरडून सांगितलं, अहो, हे खरं आहे! लोक आणखी जोरात टाळ्या वाजवायला लागले. शाल घातली. मी जितकं स्वतःला खाली ओढत होतो तितके ते मला वर उचलत होते.

मी पन्नास वर्षं शब्दांवर जगलो. लोकांना जे ऐकवायचं ते ऐकवलं. परवा पहिल्यांदा खरं ऐकवायला गेलो आणि माझंच नाव मधे आडवं आलं.

बद्री स्टेजवर आला आणि माझ्या पायांवर वाकला, ते मला असह्य झालं. मी त्याला अडवायला गेलो, पण तोवर तो वाकलाच होता.

मला जे करायचं होतं ते मी केलं. लोकांनी मानलं नाही, त्याला माझा इलाज नाही. आता तूही मला मोकळं कर.

तुझा,
रामदासकाका


हिंजवडी,
२० जानेवारी २०२५

रामदासकाका,

मी तुम्हाला मोकळं करत नाही.

मागच्या रांगेत होते म्हणून सगळं दिसलं. तुम्ही बोललात, ते खरं बोललात, हे मी कुठेही सांगेन. पण त्यानंतरचं तुम्ही पुन्हा लिहून पाठवलंत, आणि पुन्हा थोडं बदलून.

सोजरबाईंनी बाबांना हाताला धरून उठवलं. "जा, पाया पड त्यांच्या," म्हणाल्या. बाबांना तिथून स्टेजपर्यंत यायला बराच वेळ लागला. त्यांच्या गुडघ्याचं तुम्हाला माहीत आहे. पायऱ्या चढताना ते दोनदा थांबले. तेवढ्या वेळात तुम्ही खाली उतरू शकला असतात. त्यांचे खांदे धरू शकला असतात. निदान त्यांच्याआधी तुम्ही वाकू शकला असतात. तसं झालं असतं तर सभागृह गप्प झालं असतं, कारण टाळ्या वाजवायला त्यांना काही उरलं नसतं. तुम्ही हात पुढे केलात, पण तो त्यांच्या डोक्यावर ठेवायला. लोकांना फोटो हवा होता. तुम्ही पाय मागे घेतले नाहीत.

घरी आल्यावर बाबा छान जेवले. चार जणांनी हात मिळवले, सोजरबाईंनी पाठीवर हात ठेवला, हे दहा वेळा सांगितलं. मग मी सगळं सांगितलं. कागद, मागचं दार, सातवं नाव. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "रामदासभाऊ तसा माणूस नाही. मीच काही बोललो असेन गं बंगल्यावर. तापाच्या गडबडीत आठवत नसेल."

एकोणतीस वर्षं अख्खं जग त्यांना फितूर म्हणत होतं, तेव्हा त्यांना एकट्याला माहीत होतं की आपण नाही. तेवढं एक त्यांच्याजवळ होतं. तुमच्या कबुलीने तेही काढून घेतलं.

माझ्या खेळात मी लिहून ठेवलं होतं की कुणी खरं बोललं की गाव ते मानतं. इतकी वर्षं हे काम करते आणि इतकी बाळबोध चूक. शुक्रवारी बदललं. ज्याचं नाव मोठं, त्याने कबुली दिली की गाव त्याला खांद्यावर घेतं आणि शिवाला सांगतं, पाया पड. पियुष म्हणाला, "मुक्ताई, हे बगसारखं वाटतंय. लोक चिडतील." मी म्हटलं, चिडू देत. पट्टीसुद्धा घाल हवी तर. ती काठोकाठ भरलेली दाखव, आणि खाली शिवा वाकलेला.

तुम्ही इथे या. बाबांना एकट्याला भेटा. शाल नको, फोटो नको, भाषण नको. ऐकणारा एकच असेल आणि तो तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. त्याला पटेपर्यंत बोला. एका दिवसात पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी या. मी स्वयंपाकघरात बसेन.

मुक्ताई


हिंजवडी,
२२ जानेवारी २०२५

रामदासभाऊंना बद्रीनाथचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

माझं शिक्षण सातवी, अक्षर समजून घ्या. मुक्ताईनं तुमच्या नावाचं पाकीट मले पोस्टात टाकायला दिलं होतं. मी इतक्या वर्षांत कुणाचं पत्र उघडलं नाही. हे उघडलं. वाचून मले फार वाईट वाटलं. ज्या माणसानं आमाले आधार दिला त्याले पोरीनं असं लिहावं! ते पत्र मी पाठवत नाही. फाडलंही नाही, पोरीचं अक्षर आहे. माझ्या पेटीत ठेवलं. तिला सांगितलं की टाकलं.

तुम्ही तिचं मनावर घेऊ नका. दिवसभर त्या खेळात असते. तिथं एका पहारेकऱ्याची गोष्ट लिहिली आहे, ती तिच्या डोक्यात बसली. तिला वाटते सगळं तसंच झालं. मी तिला म्हटलं, अगं, ते गाव तू बनवलं, हे गाव आपण नाही बनवलं.

मी खूप आठवून पाहिलं. बंगल्यावर व्हरांड्यात होतो, साहेबानं काही विचारलं असेल, मी काही सांगितलं असेल. आता नक्की सांगता येत नाही. सोजरवहिनीनं माफ केलं म्हणजे काहीतरी केलंच असेल, त्याशिवाय माणूस कशाले माफ करेल? मन हलकं झालं. आता खाली भाजीले जातो तर टोपी घालत नाही.

तुम्ही इथं यायची तसदी घेऊ नका, तुमचं वय झालं. फक्त एक विनंती आहे. पुढच्या वर्षीच्या यादीत माझं नाव राहू द्या. मागे बसीन. मेळाव्याच्या दिवशी मी पहिल्या बसनं निघतो, म्हणजे खुर्च्या लावायला कामी येईन.

आपला,
बद्रीनाथ